फूड सायन्सला ॲडमिशन घेताय? बेलापूर-नेरुळकडच्या छोट्या विद्यापीठात पहिलं वर्ष कसं काढायचं

बारावीचा निकाल लागला की ओळखीतल्या कोणाच्या तरी पोराचा मेसेज येतोच, ताई फूड सायन्स घेऊ का, कॉलेज छोटंय, म्हणे इंटरडिसिप्लिनरी आहे, म्हणजे नक्की काय असतं. दरवेळी तेच टाइप करायचा कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. मी अशाच एका छोट्या विद्यापीठातून हा कोर्स केलाय आणि आता टीटीसी एमआयडीसीत (नवी मुंबईतला औद्योगिक पट्टा) एका कंपनीत क्वालिटीला आहे, त्यामुळे शिकताना काय वाटतं तेही माहितीय आणि नंतर कंपनी काय विचारते तेही.

मुद्द्याचं आधी. मोठ्या जुन्या संस्थेत सिलॅबस ठरलेला असतो, तुम्ही झोपलात तरी तो तुम्हाला पुढे नेतो. छोट्या इंटरडिसिप्लिनरी ठिकाणी लॉ घे, डिझाइन घे, डेटा सायन्स घे, सायकॉलॉजी घे असं चालतं आणि फूड सायन्स हा विषयच मुळात चार विषयांची मिसळ, मग शेवटच्या वर्षी सगळ्यातलं थोडं थोडं येतं आणि इंटरव्ह्यूला एकही गोष्ट धड सांगता येत नाही असे लोक मी दरवर्षी बघते. म्हणून फूड केमिस्ट्री, फूड मायक्रोबायोलॉजी आणि प्रोसेसिंग हे तीन पहिल्या दोन वर्षांत पक्के करायचे आणि बाकी जे काय घ्याल ते या तिघांना जोडून घ्यायचं. खाली जे लिहिलंय ते सगळं याच हिशोबाने आहे.

पायरी १: घरच्यांना आणि स्वतःला नीट सांगा की हे काय आहे

हॉटेल मॅनेजमेंट नाही, डाएटिशियनचा कोर्स पण नाही (न्यूट्रिशनचे एकदोन पेपर असतात, तेवढंच). अन्न का खराब होतं, किती दिवसात होतं, ते कसं थांबवायचं, थांबवताना चव आणि पोषण किती जातं, आणि जे पाच किलोला जमलं ते पाच टनाला कसं जमवायचं, याचा अभ्यास.

एक उदाहरण देते म्हणजे कळेल. आंब्याचा रस डब्यात भरताना उकळत्या पाण्याइतकी उष्णता पुरते, पण मटार किंवा मक्याचे दाणे डब्यात भरायचे तर प्रेशरखाली १२१ अंशाच्या आसपास रिटॉर्ट करावं (मोठ्या प्रेशर कुकरसारख्या यंत्रात तापवावं) लागतं. का? कारण रस आंबट असतो, त्याचा पीएच ४.६ च्या खाली असतो, आणि ४.६ च्या वर गेलात की क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जंतू हवाबंद डब्यात वाढून जीवघेणं विष तयार करू शकतो, त्याचे स्पोअर, म्हणजे बीजाणू, साध्या उकळण्याने मरत नाहीत. पीएच ही केमिस्ट्री झाली, जंतू मायक्रोचा, रिटॉर्ट इंजिनिअरिंगचा, आणि नियम मोडून डबा विकला तर काय होतं तो कायदा. एका डब्यात चारही. हे वाचून मजा आली असेल तर कोर्स तुमच्यासाठी आहे. कंटाळा आला असेल तर आत्ताच दुसरं काही बघा, खरंच, पुढे हेच आहे.

पायरी २: फी भरायच्या आधी विचारायचे प्रश्न

कॅम्पसच्या फोटोंवर जाऊ नका. पहिलं म्हणजे विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का ते यूजीसीच्याच साइटवर बघा. दुसरं, डिग्रीवर नाव काय छापून येणार, बीएस्सी फूड सायन्स, बीटेक फूड टेक्नॉलॉजी की काहीतरी लांबलचक नवीन नाव, हे ऑफिसात लेखी विचारा. हे नाव फार महत्त्वाचं आहे कारण सरकारी जाहिरातीत, उदाहरणार्थ फूड सेफ्टी ऑफिसरच्या, चालणाऱ्या डिग्र्यांची यादीच दिलेली असते, आणि तिथे बसलेला माणूस "पण विषय तेच होते हो" हे ऐकत बसत नाही.

तिसरं, लॅब बघायला मागा, "इन्फ्रास्ट्रक्चर" असं सांगून गुंडाळू देऊ नका. मफल फर्नेस (जाळून राख करायची भट्टी), जेल्डाल (प्रोटीनसाठी), सॉक्सलेट (फॅटसाठी), ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायला), लॅमिनार (स्वच्छ हवेचं कपाट), इन्क्युबेटर (जंतू वाढवायला) एवढं तरी चालू अवस्थेत पाहिजे, आणि एखादा पायलट प्लांट, म्हणजे कारखान्याची छोटी आवृत्ती, निदान पल्पर आणि ट्रे ड्रायर असलेला. एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायचं महागडं मशीन) बहुतेक छोट्या ठिकाणी फूडवाल्यांचा स्वतःचा नसतो, फार्मसी किंवा बायोटेकच्या मजल्यावर असतो, त्यात काही वाईट नाही, फक्त आपल्या पोरांना हात लावायला मिळतो का ते सिनियरला विचारा, सरांना नको. चौथं, कायमस्वरूपी शिक्षक किती आणि व्हिजिटिंग किती.

पैशाचं पण बोलून घेऊ. मुलींच्या फी माफीचा २०२४ चा जो जीआर आहे तो खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना लागू नाही, आणि छोटी इंटरडिसिप्लिनरी म्हणवणारी बरीच ठिकाणं त्यातच मोडतात, त्यामुळे "मुलींना फी नाही" हे व्हॉट्सॲपवर वाचून हिशोब मांडू नका. स्कॉलरशिपचं जे काही तोंडी सांगतील ते ईमेलवर मागून घ्या.

पायरी ३: कागदपत्रं

दहावी-बारावीच्या मार्कशीट, लिव्हिंग, डोमिसाइल, लागू असेल तर जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन क्रीमी लेयर, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅप सर्टिफिकेट. प्रत्येकाच्या भरपूर झेरॉक्स आणि एक स्कॅन ड्राइव्हवर. व्हॅलिडिटी आणि नॉन क्रीमी लेयरला वेळ लागतो, ठाणे कलेक्टर ऑफिसच्या आणि सेतूच्या खेपा जूनमध्ये सगळेच घालत असतात, म्हणून आधीच लागा. ओरिजिनल दाखवून लगेच परत घ्या, ती कॉलेजने ठेवून घ्यायची नसतात, यूजीसीने २०१८ मध्येच तसं काढलंय, फी परताव्याचे नियम पण त्यातच आहेत. डिजीलॉकरमधून एबीसी (ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी काढून ठेवा, तुमचे क्रेडिट तिथे जमा होतात आणि उद्या कॉलेज बदललं तर तेच कामाला येतात. अँटी रॅगिंगचं ऑनलाइन ॲफिडेव्हिट दरवर्षी भरायचं असतं, पाच मिनिटांचं काम आहे.

पायरी ४: ट्रेन

ठाण्याहून येणाऱ्यांनी हे नीट वाचा. ट्रान्स हार्बर नऊ-दहा नंबरवरून सुटते, आणि तुर्भ्यानंतर तिला दोन फाटे फुटतात, एक सानपाडा-वाशीला आणि दुसरा जुईनगर-नेरुळ करत पुढे बेलापूर-पनवेलला. नेरुळ-बेलापूरला जायचं असेल तर वाशी लोकलमध्ये बसू नका, चुकून बसलात तर तुर्भ्याला उतरून मागची पकडा, वाशीला जाऊन हार्बरने परत येण्यात लेक्चर जातं. कल्याण-डोंबिवलीवाल्यांनी ठाण्याला पूल चढून पलीकडे जायचा वेळ धरूनच निघायचं. स्टेशनपासून कॉलेजपर्यंत एनएमएमटी नाहीतर शेअर रिक्षा. पावसात एक दिवस तरी सगळं बंद पडणारच, त्या दिवशी प्रॅक्टिकल असेल तर ते रिपीट होतं का हे आधीच माहिती पाहिजे.

पायरी ५: पहिलं सेमिस्टर, कुठे जोर लावायचा

नवीन शैक्षणिक धोरणामुळे सगळं क्रेडिटमध्ये मोजतात. साधा हिशोब असा की थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे सेममध्ये १५ तास आणि प्रॅक्टिकलचा एक म्हणजे ३० तास. म्हणजे कागदावर दोन क्रेडिटची दिसणारी लॅब आठवड्याचे चार तास खाते. टाइमटेबल निवडायला मिळत असेल तर हे डोक्यात ठेवून निवडा नाहीतर मंगळवारी सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत उभे.

बारावीला पीसीबी घेतलेल्यांना गणित आणि युनिट ऑपरेशन्स (तापवणं, वाळवणं, गाळणं अशा प्रक्रियांचं इंजिनिअरिंग) जड जातं, पीसीएमवाल्यांना मायक्रो. एकमेकांना शिकवा, छोट्या बॅचचा हाच खरा फायदा आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात.

केमिस्ट्रीत सुरुवातीला पाणी शिकवतात आणि पोरं म्हणतात हे काय, पाणी तर माहितीय. तिथेच लक्ष द्या. वॉटर ॲक्टिव्हिटी हा अख्ख्या डिग्रीतला सगळ्यात जास्त वापरला जाणारा आकडा आहे. पदार्थात एकूण पाणी किती ते नाही, त्यातलं जंतूला वापरता येईल असं मोकळं पाणी किती, शून्य ते एकच्या मापात. ०.८५ च्या खाली गेलं की बहुतेक रोगजंतू वाढत नाहीत, ०.६० च्या खाली बुरशीसुद्धा नाही. मधात पंधरा-वीस टक्के पाणी असूनही तो टिकतो तो यामुळेच, साखरेने ते पाणी धरून ठेवलेलं असतं. बेलापूरला दिवाळे कोळीवाड्याच्या बाजूला सुकट-बोंबील मिळतात, ते आणा, लोणचं आणा, पापड आणा, मोरावळा आणा, आणि प्रत्येकात पाणी कशाने अडवलंय, मीठ की साखर की नुसतं ऊन, हे स्वतः लिहून काढा. त्यानंतर पुस्तकातलं चॅप्टर एका बैठकीत होतं.

तसंच प्रोटीनचं. प्रोटीन काढायची जेल्डाल पद्धत १८८३ ची आहे, अजून वापरात आहे. पण ती प्रोटीन मोजतच नाही, नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ ने, दुधासाठी ६.३८ ने गुणते. मग कोणी नायट्रोजनवालं दुसरंच काही टाकलं तर? २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळलं होतं ते याचसाठी, टेस्टमध्ये प्रोटीन भरपूर दिसायचं आणि लहान मुलांच्या किडन्या खराब झाल्या. पद्धत पाठ करू नका, ती कुठे फसते ते शिका, व्हायवाला एक्सटर्नल हेच विचारतात.

पायरी ६: लॅबमध्ये कसं वागायचं

ॲप्रन, बंद बूट, केस बांधलेले, नेलपॉलिश नाही. हे पुढे प्लांटमध्ये दहापट कडक होतं, तिथे कानातलं, बांगड्या, घड्याळ काहीच चालत नाही, त्यामुळे आत्ताच सवय लावा.

ॲशचं, म्हणजे पदार्थ जाळून उरलेली राख मोजायचं, प्रॅक्टिकल एका स्लॉटमध्ये संपत नाही. ५५० अंशाला जाळायचं, डेसिकेटरमध्ये थंड करायचं, वजन घ्यायचं, परत ठेवायचं, वजन बदलायचं थांबेपर्यंत. ग्रुपमध्ये कोण थांबणार हे आधी ठरवा नाहीतर दरवेळी हॉस्टेलवाला एकटाच थांबतो आणि मग भांडणं. मायक्रोच्या प्लेट (जंतू वाढवायच्या बशा) शुक्रवारी टाकू नका, मोजायच्या असतात २४ ते ४८ तासांनी आणि शनिवार-रविवार लॅब बंद. मोजताना ३० ते ३०० च्या मधल्या कॉलनी (जंतूंचे ठिपके) असलेली प्लेट धरायची, त्याच्यापेक्षा जास्त असेल तर "खूप आहेत" असं न लिहिता पुढचं डायल्यूशन, म्हणजे जास्त पातळ केलेला नमुना, बघायचं.

आकडे ढापू नका. मागच्या वर्षीच्या जर्नलमधून टायट्रेशनचं रीडिंग उतरवणं सगळीकडे चालतं, मी काय साधुसंतांसारखं बोलत नाहीये, पण क्वालिटीच्या नोकरीत एकदा खोटा आकडा लिहायची सवय सापडली की माणूस संपतो. जर्नल त्याच आठवड्यात चेक करून घ्या, सबमिशनच्या आदल्या दिवशी सही मागणाऱ्यांची रांग बघून सर पण वैतागतात.

सेन्सरीचं, म्हणजे चव-वास तपासायचं, प्रॅक्टिकल मात्र धमाल. नऊ पॉइंटचा हेडॉनिक स्केल (किती आवडलं त्याचे मार्क), तीन आकडी कोड टाकलेले कप, आणि ट्रँगल टेस्टमध्ये तीनपैकी वेगळा कुठला ते ओळखायचं. येताना परफ्यूम लावून आणि चहा पिऊन यायचं नाही. मोठ्या कॉलेजात पॅनेलला माणसं शोधावी लागतात, इथे खाली लॉ आणि डिझाइनची पोरं बसलेलीच असतात, खायला फुकट मिळतंय म्हटलं की येतात.

पायरी ७: इलेक्टिव्ह

माझं स्पष्ट मत, पहिलं इलेक्टिव्ह स्टॅटिस्टिक्स किंवा डेटाचं घ्या. आवडो न आवडो. शेल्फ लाइफ, सेन्सरी, प्रोसेस कंट्रोल, सगळीकडे तेच लागतं आणि फूडवाल्यांचं तिथेच कच्चं असतं.

दुसरं लॉ. आपल्याकडे २००६ चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा आहे, एफएसएसएआय ही देशाची अन्न नियामक संस्था त्याच्यातूनच आली, आणि रोजच्या कामात केमिस्ट्रीइतकाच कायदा येतो. तळणीच्या तेलाचंच घ्या, टोटल पोलर कंपाउंड (तेल पुन्हापुन्हा तापवून तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही असा नियम आहे, आता हा २५ चा आकडा मोजायचा कसा हे तुमचं काम आणि स्टेशनबाहेरच्या वडापावच्या कढईपर्यंत तो पोचवायचा कसा हे लॉवाल्याचं. २०१५ चं मॅगी प्रकरण तर दोन्ही डिपार्टमेंटने एकत्र बसून करण्यासारखं आहे. एफएसएसएआयने जूनमध्ये बंदी घातली, ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टाने ती रद्द केली, कंपनीची बाजू नीट ऐकली नाही आणि ज्या लॅबमध्ये तपासणी झाली त्या मान्यताप्राप्त नव्हत्या हे त्यातले मोठे मुद्दे. शिसं किती होतं यावर भांडण सुरू झालं आणि ते मोजणाऱ्या लॅबला ॲक्रेडिटेशन आहे का इथे येऊन पोचलं. एनएबीएल, म्हणजे लॅबना ही मान्यता देणारी संस्था, हा शब्द तेव्हापासून डोक्यात बसला पाहिजे.

डिझाइनवाल्यांबरोबर लेबलचा प्रोजेक्ट करा. २०२० च्या लेबलिंग नियमांप्रमाणे व्हेजचा हिरवा गोल, नॉनव्हेजचा तपकिरी त्रिकोण, १४ आकडी लायसन्स नंबर, ॲलर्जन, न्यूट्रिशनची माहिती, हे सगळं छोट्या पाउचवर बसवून दाखवायचं आणि ते वाचता पण आलं पाहिजे. डिझाइनवाले रंगासाठी भांडतात, तुम्ही अक्षराच्या उंचीसाठी भांडता. पोर्टफोलिओला असा एक प्रोजेक्ट पुरतो. बाकी एखादं इलेक्टिव्ह नुसतं आवडतं म्हणून घ्या, एकच.

पायरी ८: बाजारात जा

नवी मुंबईत शिकून एपीएमसी (वाशीचा घाऊक बाजार) बघितली नाही तर काय उपयोग. कांदा-बटाटा, फळ, भाजी, मसाला आणि धान्य असे पाच बाजार आहेत, भाजी आणि फळाला पहाटे जावं लागतं. मार्च ते मे हापूसचा सीझन, तेव्हा फळ मार्केटला जा, व्यापाऱ्याला गर्दीच्या वेळी प्रश्न विचारू नका, सौदे आटपल्यावर चहाच्या टपरीवर विचारा, काका लोक भरभरून सांगतात. आंबा पिकवायला कॅल्शियम कार्बाइड वापरायला बंदी आहे, इथिलीन गॅस १०० पीपीएमपर्यंत चालतो, हे पुस्तकात एका ओळीत आहे. रायपनिंग चेंबरमध्ये तापमान आणि दमटपणा कसा सांभाळतात, कार्बन डायऑक्साइड साठला की दार का उघडावं लागतं, हे तिथे उभं राहून कळतं. आणि साका. बाहेरून सुंदर दिसणारा हापूस कापला की आत पांढरट स्पंजासारखा गर निघतो, तो बाहेरून ओळखताच येत नाही, एक्सपोर्टवाल्यांची डोकेदुखी. न कापता साका ओळखायचा कसा यावर संशोधन चालूच असतं, तुमच्याकडे फिजिक्सचे सर असतील तर त्यांना बरोबर घेऊन फायनल इयर प्रोजेक्ट होईल. अशा विद्यापीठात हे सोपं जातं, दोन डिपार्टमेंटची परवानगी एकाच मजल्यावर मिळते.

पायरी ९: इंटर्नशिप

छोट्या विद्यापीठाचा प्लेसमेंट सेल बहुतेक एकच मॅडम बघत असतात आणि त्यांच्याकडे सगळे कोर्स असतात, त्यामुळे वाट बघत बसू नका. दिघ्यापासून रबाळे, महापे, पावणे, तुर्भ्यापर्यंत टीटीसीचा पट्टा आहे, त्यात फूड कंपन्या, मसाला युनिट, कोल्ड स्टोरेज, टेस्टिंग लॅब सगळं आहे. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात महिनाभर तरी करा. सीव्हीत "मेहनती आणि प्रामाणिक" असं लिहायच्या ऐवजी कुठल्या टेस्ट स्वतःच्या हाताने केल्यात ते लिहा, मॉइश्चर, ॲश, फॅट, ॲसिडिटी, टोटल प्लेट काउंट. जॉइन होताना मेडिकल फिटनेस आणि टायफॉइडची लस घेतल्याचा कागद मागतात, तो आधीच तयार ठेवा.

पहिले दोन आठवडे फक्त रजिस्टर भरायला देतील. भरा. तापमानाचं रजिस्टर भरता भरताच हॅसॅप (एचएसीसीपी, धोका कुठे आहे ते ओळखून तिथेच रोखायची पद्धत) कळतो, क्रिटिकल कंट्रोल पॉइंट कुठे आहे, लिमिट किती, ओलांडली तर कोण काय करतो. दुधाची लाइन असेल तर पाश्चरायझेशनचा ७२ अंशाला १५ सेकंद हा आकडा चार्टवर रेष म्हणून दिसतो, आणि ती रेष खाली आली की व्हॉल्व्ह आपोआप दूध मागे वळवतो, ते एकदा डोळ्याने बघा. लाइनवरच्या ऑपरेटर दादांना मान द्या, मशीनचा आवाज बदलला हे त्यांना तुमच्या सरांच्या आधी कळतं. शिफ्ट ड्युटी असेल तर शेवटची ट्रान्स हार्बर किती वाजता आहे ते विचारूनच हो म्हणा, मुलींनी तर कंपनीची बस आहे का हे पहिल्याच फोनवर विचारायचं, त्यात लाजायचं काही नाही.

आणि पुढचं थोडक्यात

मास्टर्स करायचं असेल तर माटुंग्याचं आयसीटी, म्हैसूरचं सीएफटीआरआय, कुंडली आणि तंजावरचं निफ्टेम ही नावं आत्तापासून माहिती असू द्या, प्रत्येकाची एंट्रन्स वेगळी. गेट या मास्टर्सच्या एंट्रन्सला फूड टेक्नॉलॉजी हा एक्सएल (लाइफ सायन्सेस) पेपरमधला सेक्शन आहे आणि त्यात केमिस्ट्री सगळ्यांना कम्पल्सरी, म्हणजे पहिल्या वर्षाच्या केमिस्ट्रीच्या नोट्स रद्दीत टाकू नका. एएफएसटीआय म्हणून फूडवाल्यांची जुनी संघटना आहे, मुख्यालय म्हैसूरला आणि मुंबईत चॅप्टर, विद्यार्थ्यांना मेंबरशिप मिळते. छोट्या विद्यापीठाचे माजी विद्यार्थी कमी असतात, इंडस्ट्रीतली ओळख अशाच ठिकाणी होते, म्हणून मुंबईत त्यांचा सेमिनार असला की जा, जेवणाच्या रांगेत शेजारच्याला कंपनी विचारा आणि नंबर घ्या.